नेम चुकत नाही, एवढं पुरेसं नाही

हाडांच्या शस्त्रक्रियेत रोबो हवा की नको, या वादात हल्ली दोन्ही पक्ष चुकीच्या मैदानात उतरलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, यंत्र मिलिमीटरच्या आत काम करतं, माणसाचा हात थकतो आणि थरथरतो, तेव्हा आणखी बोलायचं काय उरलं? दुसरा म्हणतो, जिवंत देह यंत्राच्या स्वाधीन करणं हेच मुळात अमानुष. पहिल्याच्या पाठीशी जाहिराती आहेत, दुसऱ्याच्या पाठीशी भीती. माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. यंत्राला माझा विरोध नाही, काही ठिकाणी तर ते हवंच. पण यंत्र ज्या अचूकतेची ग्वाही देतं ती आधी आखलेल्या रेषेशी राखलेली इमानदारी असते. ती रेष योग्य जागी होती का, आणि तिथून कापल्यामुळे माणूस बरा झाला का, हे वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं रुग्णांना वर्षानुवर्षं मोजून मिळतात. ती मोजून उघडपणे मांडली जात नाहीत तोवर ‘रोबोटिक’ हा शब्द दर्जाचा शिक्का म्हणून मिरवू नये.

आधी यंत्र नेमकं काय करतं ते पाहू, कारण वादातली निम्मी वाफ तिथेच जिरते. रोबो हाडांकडे इतक्या लवकर वळला याचं कारण साधं आहे: हाड हलत असलं तरी वाकत नाही. यकृत किंवा आतडं स्कॅननंतर तासाभरातच आकार आणि जागा बदलतं. मांडीचं हाड काल जसं होतं तसंच आज असतं. म्हणून कालच्या सीटी स्कॅनवर आखलेला बेत आज टेबलावरच्या हाडाला लागू करता येतो. स्कॅन पाहून यंत्राकरवी सुई रोखण्याचा पहिला गाजलेला प्रयोग 1985 मधला, मेंदूच्या बायोप्सीचा. त्यासाठी कारखान्यात वापरला जाणारा ‘प्युमा’ हा यांत्रिक हात घेतला होता. मेंदू मऊ असला तरी कवटीत बंदिस्त असतो, म्हणून ते जमलं. मग कृत्रिम खुबा बसवण्यासाठी हाड कोरून देणारा ‘रोबोडॉक’ हा रोबो आला. आधी कुत्र्यांच्या खुब्यांवर आणि 1992 मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटो इथे माणसाच्या खुब्यावर.

आजचं गुडघ्याचं ऑपरेशन जवळून पाहिलं तर रोबोचा दरारा बराच ओसरतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पिना रोवतात आणि त्यांवर ट्रॅकर बसवतात; इन्फ्रारेड कॅमेरा त्या ट्रॅकरवर नजर ठेवून असतो. सर्जन एक टोकदार प्रोब घेऊन उघड्या हाडावर एकेक बिंदू टेकवत जातो आणि संगणक ते बिंदू स्कॅनमधल्या हाडाशी जुळवतो. या जुळवणीला रजिस्ट्रेशन म्हणतात, आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. यानंतर कुणाचा कोपर ट्रॅकरला लागला, किंवा ठिसूळ हाडात पिन किंचित सैल झाली, की पडद्यावरचं हाड आणि टेबलावरचं हाड यांची फारकत होते. पडदा मात्र त्याच आत्मविश्वासानं रेघ दाखवत राहतो. म्हणून जाणता सर्जन मधूनमधून हाडावरच्या ठरलेल्या खुणेवर प्रोब टेकवून खातरजमा करतो. करवत बहुतेक यंत्रांत सर्जनच्याच हातात असते, आखलेल्या हद्दीबाहेर ती जाऊ लागली की यंत्र तिला अडवतं. ‘रोबो ऑपरेशन करतो’ हे वाक्य आज बहुतेक ठिकाणी खोटं आहे. ते जाहिरातदार आणि टीकाकार दोघांच्याही सोयीचं असल्यामुळे टिकून आहे, इतकंच.

आता यंत्राच्या बाजूचे मुद्दे प्रामाणिकपणे मान्य करायला हवेत, कारण ते वजनदार आहेत. हात कितीही कसबी असला तरी दर वेळी सारखा चालत नाही. यंत्रामुळे सरासरी फार सुधारली नाही तरी टोकाच्या चुका घटतात, आणि रुग्णाचं नशीब सरासरीवर ठरत नाही, त्याच्या वाट्याला कोणती शस्त्रक्रिया आली यावर ठरतं. जो सर्जन वर्षाला मोजकेच अर्धे गुडघे (सांध्याची फक्त झिजलेली बाजू) बदलतो त्याच्या हाताला आधार मिळाला तर त्याला नाक मुरडायचं कारण काय? दुसरा मुद्दा किरणांचा. मोडलेल्या हाडात नळीसारखा खिळा घातल्यावर खालच्या टोकाचे स्क्रू बसवायचे असतात. त्यासाठी सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या चित्रात खिळ्यातलं भोक अगदी गोल दिसेपर्यंत यंत्र आणि पाय फिरवत राहावं लागतं. भोक लंबगोल दिसलं की नेम चुकला. तेवढा वेळ सर्जनचे हात किरणांच्या आसपास वावरतात. डोळ्याच्या भिंगाला वर्षाकाठी किती किरणं चालतील याची व्यावसायिक मर्यादा आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोगानं 2011 मध्ये 150 वरून 20 मिलिसीव्हर्टवर आणली. यावरून आधीची पिढी किती बेफिकीर होती ते कळतं. यंत्रानं ड्रिल धरून दिलं आणि सर्जन दोन पावलं मागे सरकला, तर तो लाभ खराच. (रुग्णाला मात्र बेत आखण्यासाठी जादा सीटी स्कॅन सोसावा लागू शकतो. हा हिशेब पत्रकांत सहसा नसतो.)

एवढं मान्य करूनही मी अडून बसतो, कारण ‘यंत्र अचूक आहे’ आणि ‘रुग्णाला फायदा आहे’ यांच्या मधल्या खाईत हाडवैद्यकाचा इतिहास एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पडला आहे. सर जॉन चार्नली हे कृत्रिम खुब्याचे जनक मानले जातात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं, कारण घर्षण कमी हवं होतं आणि त्या कसोटीवर टेफ्लॉनच्या जवळपास दुसरं काही नव्हतं. प्रयोगशाळेत आकडा उत्तम होता. सुमारे 300 रुग्णांत ती वाटी बसली आणि काही वर्षांतच झिजली. झिजलेल्या कणांनी आजूबाजूचं हाड पोखरलं. चार्नलींचं मोठेपण पुढे दिसतं. त्यांनी आपल्या रुग्णांचा पिच्छा सोडला नाही, अपयश दडवलं नाही, नव्या पदार्थाचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून पाहिले, आणि 1962 पासून पॉलिइथिलीनकडे वळले. आजचा खुब्याचा सांधा त्या वळणावरून आलेला आहे. घर्षणाचा आकडा खोटा नव्हता. तो चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होता.

रोबोडॉकची जर्मनीतली कहाणी तर थेट आपल्याच विषयाची आहे. 1994 पासून तिथे हे यंत्र झपाट्यानं पसरलं. ते मांडीच्या हाडाची पोकळी इतकी नेमकी कोरायचं की इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांध्याचा भाग, चपखल बसावा. 2003 मध्ये एका जर्मन गटानं यंत्रानं आणि हातानं केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना छापली. पायांची लांबी आणि इम्प्लांटची दिशा यंत्राच्या गटात सरस होती. एक्स-रे पाहणाऱ्यानं यंत्रालाच कौल दिला असता. पण यंत्रानं सुरू केलेल्या 74 शस्त्रक्रियांपैकी 13 मध्ये ते सोडून हातानं काम पुरं करावं लागलं. सांधा निखळण्याचं प्रमाण यंत्राच्या गटात 18 टक्के, हाताच्या गटात 4 टक्के. कारण काय? अभ्यासकांच्या मते स्नायू. यंत्राच्या कोरणीला जागा करून देताना खुब्याला सावरून धरणारे स्नायू जास्त दुखावले जात होते. स्कॅनमध्ये हाड ठसठशीत दिसतं, यंत्राचा बेत हाडाचा असतो. स्नायूंचा विचार त्या बेतात कुणी केलाच नव्हता. शिवाय रजिस्ट्रेशनसाठी त्या काळी आधी वेगळं ऑपरेशन करून हाडात पिना घालाव्या लागत, आणि खुबा बदललेल्या माणसाचा गुडघाच त्या पिनांपायी दुखत राही. ज्यांचा सांधा जागेवर राहिला त्यांची प्रकृती दोन वर्षांनी दोन्ही गटांत सारखीच होती, हेही सांगायला हवं. म्हणजे यंत्र राक्षसी होतं असं नाही. ते ज्यासाठी आणलं होतं ते त्यानं केलं, आणि तेवढं पुरलं नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ती जुनी पिढी, आताची यंत्रं निराळी. खरं आहे. आजच्या यंत्रांना आधी वेगळं ऑपरेशन करून घातलेल्या तसल्या पिना लागत नाहीत आणि बहुतेक यंत्रं हद्द राखून हाताला काम करू देतात. पण म्हणून प्रश्न मिटला का? गुडघ्याचंच घ्या. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली तर ती गुडघ्याच्या मधून जावी, फार तर 3 अंश इकडे-तिकडे, हे अनेक वर्षं सर्जनांचं ध्येय होतं आणि यंत्रांची बढाईही त्याच ध्येयावर उभी राहिली. 2010 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं जवळपास 400 गुडघ्यांचा 15 वर्षांचा हिशेब मांडला: 3 अंशांच्या आत बसवलेले गुडघे बाहेर गेलेल्यांपेक्षा जास्त टिकले असं दिसलं नाही. 2012 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं की निरोगी तरुणांपैकी 32 टक्के पुरुषांचे आणि 17 टक्के स्त्रियांचे पाय मुळातच 3 अंश किंवा अधिक धनुष्यासारखे वाकलेले असतात. मग सरळ रेष कुणासाठी? निसर्गतः वाकडा पाय घेऊन चाळीस वर्षं धावलेल्या माणसाला सक्तीनं सरळ करण्यात शहाणपण किती? यावर सर्जनांत आज उघड दुफळी आहे. कुणी सरळ रेषेचे, कुणी रुग्णाच्या मूळ ठेवणीचे. ध्येयच वादात असताना ते अर्ध्या अंशाच्या आत गाठल्याची शेखी म्हणजे चुकीच्या पत्त्यावर वेळेवर पोचलेलं टपाल. दक्षिण कोरियात यंत्रानं आणि हातानं बदललेल्या गुडघ्यांची तुलना 2020 मध्ये छापून आली, किमान 10 वर्षांच्या पाठपुराव्यानंतरची. गुडघ्याचं काम आणि टिकाऊपणा यांत फरक आढळला नाही.

गुडघ्याची गोष्ट मणक्याला जशीच्या तशी लावायला मी तयार नाही. पाठीच्या मधल्या भागातल्या मणक्यांत ज्या हाडाच्या खांबातून स्क्रू घालायचा तो काही ठिकाणी जेमतेम 4 ते 5 मिलिमीटर रुंद असतो. आतल्या बाजूला मज्जारज्जू, खाली नस. इथे मिलिमीटर म्हणजे पाय हलणं आणि न हलणं. यंत्राच्या मदतीचं समर्थन करायचं असेल तर ते इथे करावं, आणि मी ते करतो. तरीही 2012 मध्ये जर्मनीत 60 रुग्ण आणि 298 स्क्रू घेऊन झालेल्या चाचणीत काय निघालं? हातानं घातलेले 93 टक्के स्क्रू नीट बसले, यंत्राच्या मदतीनं घातलेले 85 टक्के. हिशेबात यंत्र चुकलं नव्हतं. सांध्याच्या उतरत्या, गुळगुळीत हाडावर ड्रिलला वाट दाखवणाऱ्या नळीचं टोक टेकलं की ते बाहेरच्या अंगाला घसरायचं, आणि ड्रिल आखलेल्या कोनात पण भलत्या जागी शिरायचं. हातानं करणाऱ्याला ही घसरण बोटांत जाणवते. तो आधी हाडावर छोटी खाच पाडतो आणि मगच जोर लावतो. पुढच्या पिढीच्या यंत्रांत या घसरणीवर इलाज शोधले गेले आणि आकडे पुष्कळ सुधारले. ते सुधारले याचं कारण कुणीतरी मोजलं होतं आणि प्रतिकूल उत्तर छापण्याचं धैर्य दाखवलं होतं. माझी मागणी त्याहून जास्त नाही.

याहून अवघड प्रश्न एकच आहे आणि तो यंत्राच्या समर्थकांना फारसा विचारला जात नाही: जी क्रिया अचूक करायची ती करावीच का? पिचलेल्या मणक्यात सुईनं हाडाचं सिमेंट भरण्याची पद्धत फ्रान्समध्ये 1984 मध्ये सुरू झाली आणि जगभर गेली. एक्स-रेखाली सुई बरोब्बर जागी जाते, सिमेंट पसरताना दिसतं, रुग्ण दुसऱ्या दिवशी ‘बरं वाटतंय’ म्हणतो. यापेक्षा बोलका पुरावा कुठला? पण 2009 मध्ये दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. त्यांत अर्ध्या रुग्णांना भूल, सुईचा दाब, सिमेंटचा वास हे सगळं मिळालं, सिमेंट मात्र मिळालं नाही. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. नंतर 2016 मध्ये, ताज्या फ्रॅक्चरमध्ये फायदा दाखवणारी चाचणीही आली, आणि हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. आता त्या सुईला यांत्रिक हाताची जोड द्या; ती आणखी नेमकी जाईल. मूळ प्रश्न तसूभरही हलणार नाही. उलट यंत्रात पैसा गुंतला की तो प्रश्न विचारणं अधिकच गैरसोयीचं होतं.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत धारदार मुद्दा येतो. दर शोधाला दहा वर्षांचा पुरावा मागत बसलो असतो तर काय मिळालं असतं? रॉंटगेननं 1895 च्या अखेरीस क्ष-किरण जाहीर केले आणि काही आठवड्यांत डॉक्टर मोडलेली हाडं पाहू लागले. तेव्हा कुणी चाचणी मागितली होती? नव्हती मागितली, आणि एका अर्थी गरजही नव्हती, कारण ‘हाड दिसेल’ एवढाच दावा होता आणि तो डोळ्यांदेखत खरा ठरत होता. रोबोचा दावा मात्र ‘तुमचा सांधा जास्त टिकेल, तुम्ही लवकर चालाल’ असा असतो. तो डोळ्यांदेखत खरा ठरत नाही, त्याला वर्षं जावी लागतात. आणि क्ष-किरणांचं उदाहरण द्यायचंच असेल तर पुरतं द्यावं. एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली किरणांनी पोळून 1904 मध्ये गेला. त्यानंतरही 1920 च्या दशकापासून चपलाबुटांच्या दुकानांत पोरांची पावलं किरणांखाली ठेवून बूट नीट बसला का ते दाखवणारी यंत्रं आली. आई, दुकानदार आणि पोर तिघंही वाकून पायाची हाडं बघत. बूट त्यामुळे चांगला बसतो याचा पुरावा कुणाकडे होता? यंत्रांवर बंदी यायला 1950 चं दशक उजाडलं. गिऱ्हाईक दुकानात खेचून आणणं हा त्या यंत्राचा खरा उपयोग होता.

शिवाय पुरावा मागणं म्हणजे थांबणं, हे समीकरणच खोटं आहे. स्वीडननं 1975 मध्ये गुडघ्यांची आणि 1979 मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. कोणतं इम्प्लांट कुणात बसलं, पुन्हा ऑपरेशन कधी आणि का करावं लागलं, हे लिहीत जायचं. यानं कुणाचंही ऑपरेशन अडलं नाही. ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा 2010 मध्ये बाजारातून परत घेतला गेला तोवर जगभर सुमारे 93,000 बसले होते. त्यातली गडबड लवकर टिपणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय नोंद होती. अशी नोंद नसती तर आणखी किती बसले असते? रोबोच्या बाबतीतही हेच करता येतं: यंत्र कोणतं, त्याची आवृत्ती कोणती, अर्धवट सोडावं लागलं का, पिनेच्या भोकातून हाड मोडलं का, पाच वर्षांनी माणूस जिना चढतो का. ज्या रुग्णालयाला यंत्र विकत घेणं परवडतं त्याला ही नोंद परवडत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. महागडं यंत्र आणलं की ते रिकामं ठेवणं परवडत नाही. आज ज्या गुडघ्याला काठी, व्यायाम आणि आणखी दोन वर्षं चालली असती त्याचा नंबर लवकर लागतो. बरीच यंत्रं आपल्याच कंपनीच्या इम्प्लांटशी जुळतात, म्हणजे यंत्र निवडलं की सांधाही निवडला गेला. यात बेकायदेशीर काहीच नाही. पण हे रुग्णाला कुणी सांगतं का? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे रोबोडॉकच्या एका रुग्णाचा दावा आला होता. 2006 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की नवी पद्धत वापरताना तिचे सगळे धोके अजून माहीत नाहीत, हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. रुग्णाचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण प्रत्यक्षात जी नसेची इजा झाली तिची कल्पना तिला आधी दिलेली होती. तत्त्व मान्य झालं, पदरात काही पडलं नाही. म्हणून संमतीपत्रात नुसतं ‘रोबोटिक साहाय्य’ लिहून भागू नये. या सर्जननं या यंत्रावर किती केसेस केल्या, त्यांपैकी किती वेळा यंत्र सोडावं लागलं, हातानं केलं तर काय फरक पडेल, हे तिथे आकड्यांत असावं.

आणि यंत्र सोडावं लागतं तेव्हा काय होतं? 2003 च्या त्या 13 रुग्णांचं निभावलं, कारण टेबलापाशी उभे असलेले सर्जन हातानं खुबे बदलतच मोठे झाले होते. कॅमेऱ्याची नजर अडली, ट्रॅकर हलला, सॉफ्टवेअर गोठलं, तरी त्यांना पुढची पायरी पाठ होती. आज शिकणारा सर्जन पहिल्या दिवसापासून पडद्यावरच्या रेघेच्या आधारानं कापू लागला, तर खाच पाडून मग जोर लावायचं ते बोटांतलं ज्ञान त्याच्याकडे कुठून येणार? शिकाऊ सर्जननं यंत्राशिवाय किती गुडघे, किती खुबे आणि किती स्क्रू करून दाखवायचे, हा आकडा प्रशिक्षण ठरवणाऱ्यांनी आत्ताच लिहून काढायला हवा, आणि तो ठरतो त्या बैठकीत यंत्राच्या विक्रेत्याला खुर्ची नको.